आठ बावीसची आवक

"मौनी, नाव नसलेली फाईल आत घ्यायची नाही. आधी तारीख, मग जागा, मग माणूस. कोण, कुठून आलं, हे विचारल्याशिवाय आपण घराचं दार तरी उघडतो का?"

दादाचं हे वाक्य मी दिवसातून दहा वेळा ऐकायचे. तो व्हिडिओ एडिटिंग करायचा आणि मी त्याच्या स्टुडिओत कॅमेऱ्याची कार्डं उतरवून घ्यायचे, एकेका फाईलला नाव द्यायचे. मौनी हे त्यानेच पाडलेलं नाव. गेली अकरा वर्षं सकाळी आठ ते नऊ मी बोलत नाही. देवापुढे दिवा लावते आणि तासभर तोंड मिटून बसते. माझा तो नेम आहे. दादा म्हणायचा, "बरंय, घरात एक तास तरी कुणीतरी ऐकणारं असतं."

दादाला जाऊन पाच महिने झाले होते, आणि त्या मंगळवारी सकाळी आठ वाजता त्याच्या एडिटिंगच्या खोलीत एकवीस माणसं दाटीवाटीने जमली होती. दादा येणार म्हणून.

खोली काही मोठी नाही. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना करडा नमदा लावलेला, खिडकीला जाड पडदा, टेबलावर दोन स्क्रीन, दोन्ही बाजूंना स्पीकर, आणि समोर दादाची खुर्ची. तिच्या पाठीला त्याची चपटी झालेली उशी अजून तशीच बांधलेली. त्या खुर्चीत कुणी बसत नसे. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणकाकू पायाच्या अंगठ्यांवर उभ्या होत्या. कोपऱ्यावरचा औषधवाला दुकान अर्धं उघडं टाकून आला होता. मी नेहमीच्या जागी, भिंतीला टेकून, जमिनीवर. शेजारी माझी नऊ वर्षांची भाची. तिला आम्ही खारू म्हणतो. बेचाळीस पायऱ्यांचा जिना चढून आल्याने तिचे ओठ निळसर झाले होते. वाटेत ती तीनदा थांबली होती. दोन महिन्यांपूर्वी ती दोनदाच थांबायची.

खुर्चीच्या उजव्या हाताला वहिनी बसली होती. तिच्या मांडीवर दवाखान्याचा संमतीचा कागद होता, सहीची जागा कोरी. खारूच्या हृदयाच्या पडद्याला जन्मापासून भोक आहे. ते बुजवणाऱ्या डॉक्टरीणबाई बाहेरगावाहून दोन महिन्यांतून एकदा येतात. तारीख आधी दोनदा पुढे गेली होती. सोमवारी त्या मला फोनवर म्हणाल्या होत्या, "बाई, उद्या दुपारी बारापर्यंत मुलगी दाखल झाली तर बुधवारी करते. आता चुकलं तर फुप्फुसावरचा दाब इतका वाढेल, की पुढच्या वेळी मीच नाही म्हणेन."

आणि खुर्चीच्या डाव्या हाताला होते संकेतगुरू.

या संकेतगुरूंना आम्ही पूर्वी निवेदक म्हणायचो. सभा-समारंभांत माईकवर बोलायचे, दादाच्या फिल्मना आवाज द्यायचे. आवाज खरोखर चांगला, खर्जातला. पूर्वी ते जिवंत माणसांच्या वतीने बोलत, आता मेलेल्यांच्या वतीने बोलू लागले होते, एवढाच धंद्यातला फरक.

"बंधुभगिनींनो," त्यांनी डोळे मिटले, "विज्ञान काय सांगतं? ऊर्जा कधी नष्ट होत नाही. बरोबर?"

"बरोबर!" औषधवाला म्हणाला.

"माणूस म्हणजे काय? ऊर्जा. फाईल म्हणजे काय? ऊर्जा. मग माणसाची फाईल झाली तर त्यात नवल ते काय? आत्म्याला नेटवर्क लागतं, पण रिचार्ज लागत नाही!"

लोक हसले. हसता हसताच कुणीतरी हात जोडले. हसू आणि भक्ती यांची अशी सरमिसळ त्यांना छान जमायची. हसलेल्या माणसाला शंका विचारायला उशीर होतो.

हे सुरू झालं त्याला अठ्ठावीस दिवस झाले होते. दादा गेला तेव्हा त्याच्या कॉम्प्युटरवर खारूच्या फिल्मचा प्रोजेक्ट उघडा होता. वहिनीने ते मशीन बंदच करू दिलं नाही. "त्यांनी जसं ठेवलंय तसंच राहू दे," म्हणाली. पाच महिने स्क्रीन जागा होता. निवेदक भेटायला आले, स्क्रीनकडे बघत बराच वेळ बसून राहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा आले, वहिनीला म्हणाले, "मला काहीतरी जाणवतंय." आणि खरोखरच, माऊसला कुणाचा हात लागलेला नसताना प्रोजेक्टमध्ये एक नवा तुकडा आला. दादा कॅमेऱ्यासमोर हात हलवत होता, आणि त्याचा आवाज म्हणत होता, "मी इथेच आहे."

खरं सांगते, त्या दिवशी माझेही डोळे भरून आले. मी देवाला मानते. पहाटे उठून रोज त्याच्याशी बोलते. मेलेला भाऊ परत यावा असं ज्याला वाटत नाही, त्याने खुशाल मला हसावं. पण त्यामुळेच एक साधी गोष्ट मी सत्तावीस दिवस केली नाही. आलेल्या फाईलला नाव विचारलं नाही.

मग वहिनीने विचारलं, "ऑपरेशन करू का?" संकेतगुरूंनी या खोलीत चाळीस दिवसांची साधना जाहीर केलेली. चाळीस दिवसांत मुलगी चालती-फिरती होणार, हा त्यांचा शब्द. अठ्ठाविसाव्या दिवशी ती दवाखान्यात गेली आणि बरी झाली, तर ते श्रेय कुणाचं? आणि वहिनी दोन महिने तिच्या उशाशी बसली, तर खोलीला कुलूप आणि रोजचा सकाळचा दरबार बंद. म्हणून उत्तर हळूहळू येत गेलं. आधी आलं "थांबा". मग "घाई नको".

सोमवारी दुपारी डॉक्टरीणबाईंचा फोन ठेवला आणि मी सरळ दादाच्या खोलीत गेले. हेडफोन लावला. ते तुकडे एकेक करून ऐकले, चित्राकडे न बघता, डोळे मिटून. अकरा वर्षं रोज एक तास मी ऐकण्याशिवाय दुसरं काही केलेलं नाही. माणूस गप्प बसला की खोल्या बोलायला लागतात. पंखा बोलतो, नळ बोलतो, भिंत बोलते.

"घाई नको." दोनच शब्द. पण "घाई" दवाखान्याच्या लांब बोळात उच्चारलेली होती, मागे चाकांची गाडी खडखडत होती. आणि "नको" एका बंद खोलीत, पंख्याखाली. एका श्वासात माणूस दोन खोल्यांत उभा राहू शकतो का? मेलेला असला तरी?

त्या चाकांच्या गाडीचा आवाज मला ओळखीचा होता. दोन वर्षांपूर्वी दादाने एका दवाखान्यावर फिल्म केली होती. निवेदन याच निवेदकांचं. तेव्हाची दादाची आणि त्यांची सगळी बोलणी रेकॉर्ड झाली होती, "पुन्हा घ्या", "इथे थांबा", "हे नको", तासन्‌तास. त्या फाईलना नावं मी दिली होती. त्यांची एक प्रत निवेदकांकडेही होती.

मग मी दादाचा 'आवक' उघडला.

आवक म्हणजे एक साधं फोल्डर. दादाने त्यावर एक छोटा प्रोग्रॅम पहाऱ्याला बसवलेला. त्या फोल्डरात काही पडलं, की प्रोग्रॅम ते उचलतो, प्रोजेक्टमध्ये आणतो, योग्य कप्प्यात ठेवतो आणि फिल्मचे तुकडे ओळीने लागतात त्या पट्टीच्या शेवटी जोडून वाजवून दाखवतो. कुणी बटण दाबावं लागत नाही. शूटिंग एका गावी चालू आणि एडिटिंग इथे, अशा वेळी फोनवरूनच तुकडे पाठवता यावेत म्हणून त्याने ही सोय केली होती. ते फोल्डर तीन फोनवर होतं. एक दादाचा, तो बंद होता. एक माझा. आणि तिसरा, त्या दवाखान्याच्या फिल्मच्या वेळी जोडलेला.

प्रोग्रॅम स्वतःची रोजनिशीही लिहितो. कोणती फाईल, किती वाजता, कुणाच्या फोनवरून. ती कुणी वाचत नाही, एवढंच. मी वाचली. दादा दुसऱ्यांदा गेल्यासारखं वाटलं.

वहिनीला तिथल्या तिथे हाक मारली. "वहिनी, हा आवाज जोडलेला आहे. तुला ऐकवते, ये."

तिने हेडफोनला हातही लावला नाही. "वन्सं, तुमचा न दिसणाऱ्या देवावर विश्वास आहे. मी कधी काही म्हटलं? मग माझा नवरा मला समोर दिसतोय, तर तुम्हाला का खुपतंय?"

"खारूचा जीव आहे, वहिनी."

"तिच्या बापापेक्षा तुम्हाला जास्त काळजी?" तिचा आवाज फाटला. "उद्या सकाळी ते शेवटचं सांगणार आहेत. काय बोलायचं ते त्यांच्यासमोर बोला."

त्यांच्यासमोर. म्हणजे आठ ते नऊ. निवेदकांनी दरबाराची वेळ उगाच ती निवडली नव्हती. या घरात फाईलींची नावं जिला पाठ आहेत, ती बाई त्याच तासाला तोंड उघडत नाही, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

संध्याकाळी मी देवापुढे बसून विचारलं, "आधी रेकॉर्ड केलेला आवाज मौन मोडतो का रे?" देव काही बोलला नाही. बहुधा त्याचाही नेम असावा.

तर मंगळवार. आठ वाजून वीस मिनिटं.

"लहरी दाटल्या आहेत," संकेतगुरू म्हणाले. हात शालीखाली होते. "कुणी हलू नका. ते येताहेत. वहिनीसाहेब, मनातल्या मनात प्रश्न विचारा."

वहिनीने डोळे मिटले. खारूने माझा हात धरला. तिची बोटं गार होती. मी स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या घड्याळाकडे बघत होते. आठ एकवीस. शालीखाली किंचित हालचाल झाली. आठ बावीस.

पट्टीच्या टोकाला एक नवा तुकडा आपोआप येऊन बसला. कुणीतरी "आई गं!" म्हणालं. दादाचं चित्र, थांबलेलं, हसरं. आणि स्पीकरमधून त्याचा आवाज:

"मुलीचं... ऑपरेशन... नको."

शिंपीणकाकूंनी पदर डोळ्याला लावला. वहिनीने मांडीवरचा कागद उचलला, दोन्ही हातांत धरला, आणि मधोमध घडी घातली, फाडण्यापूर्वी घालतात तशी.

मी माझ्या फोनवर अंगठा ठेवला.

चार सेकंद लागतात फाईल पोचायला. आयुष्यात मी इतके लांब चार सेकंद पाहिलेले नाहीत. वहिनीची बोटं कागदाच्या कडेवर आली, आणि पट्टीच्या टोकाला, दादाच्या शेजारी, आणखी एक तुकडा येऊन बसला.

स्क्रीनवर मी होते.

"नमस्कार," स्पीकरमधून माझा आवाज आला. "मी मौनी."

सगळी डोकी एकदम माझ्याकडे वळली. मी भिंतीला टेकून, ओठ मिटून बसले होते.

"मी मेलेली नाही. खोलीत भिंतीपाशी बसले आहे आणि माझं तोंड बंद आहे. तरी मशीन माझ्या आवाजात बोलतंय. माझा आत्मा बाहेर पडलेला नाही. मी काल दुपारी हे रेकॉर्ड केलं आणि आत्ता फोनवरून आवक नावाच्या फोल्डरात टाकलं. त्या फोल्डरात जे पडेल ते मशीन आपण होऊन आत घेतं. माझ्या भावाने ते तसं बसवलं होतं. कालच्या 'घाई' आणि 'नको' या दोन शब्दांमागे दोन खोल्या ऐकू येतात. दवाखान्याच्या फिल्मच्या फाईलींत जे शब्द आहेत, त्यांवरून आज 'मुलीचं ऑपरेशन नको' असं काहीतरी येईल असा माझा अंदाज आहे; तेही शब्द असेच जोडलेले असणार. ते ज्यातून कापले असतील, अशी दादाची तीन वाक्यं ऐकवते."

आणि दादा बोलू लागला, पुरा, अखंड, कामाच्या घाईतला माझा दादा. मागे चाकांची गाडी खडखडत होती: "मुलीचं नाव खाली येऊ दे, डावीकडे, मोठ्या अक्षरांत." मग मशीनची घरघर: "ऑपरेशन फार लांबतंय हो, एवढं कोण बघणार? निम्मं करा." मग पंखा: "नको, नको, पंखा चालू राहिला! पुन्हा घ्या."

शेवटच्या वाक्यावर तो हसला होता. ते हसू खोलीभर फिरून आलं.

संकेतगुरू उठून उभे राहिले. माणूस कसलेला. त्यांनी माझ्याकडे बघून हात जोडले. "माता! तुमच्यातही शक्ती जागी झाली! पाहा, पाहा मंडळी, जिवंतपणी आत्म्याचा संचार!"

"ती शक्ती आमच्या दुकानातल्या कॅमेऱ्यातही आहे हो," औषधवाला सावकाश म्हणाला. "घरी बसून रोज मला दुकान फोनवर दिसतं."

"अहो, श्रद्धेत तर्क आणू नये!"

"बाबा मला मुलगी म्हणतच नव्हते."

खारू बोलली होती. मोठ्याने बोललं की तिला धाप लागते, म्हणून ती हळूच बोलते. त्यामुळे सगळ्यांना गप्प व्हावं लागलं. "ते खारू म्हणायचे. रागावले की खारूबाई. मला वाटलं, मेल्यावर विसरले." तिने श्वास घेतला. "मला वाईट वाटलं होतं."

वहिनीने मान वर केली. पहिल्यांदाच तिने स्क्रीनकडे न बघता मुलीकडे बघितलं.

मी खारूला हाताने खूण केली. ती टेबलापाशी गेली. रोजनिशी मी सकाळीच दुसऱ्या स्क्रीनवर उघडून तो स्क्रीन बंद ठेवला होता; तिने तो लावला. ती अक्षराला अक्षर जोडून वाचू लागली. "मंगळवार, आठ बावीस, निवेदक यांचा फोन. सोमवार, आठ बावीस, निवेदक यांचा फोन. रविवार..."

"पुरे, बाळ," शिंपीणकाकू म्हणाल्या. कात्री चालवणारी बाई, आवाजात तशीच धार. "अहो गुरू, एक करा. तुमचा फोन शालीतून काढा, या टेबलावर ठेवा, आणि आता बोलवा त्यांना. एवढंच करा. मी तुमच्या पाया पडते."

"आता लहरी विस्कटल्या."

"आम्ही थांबतो की. आम्हाला कुठे घाई आहे? घाई नको, असं तेच म्हणालेत!"

कुणी हसलं नाही. निवेदकांनी दाराकडे पाहिलं. दारात औषधवाला उभा होता, मारायच्या तयारीत नव्हे, नुसता उभा. फोन टेबलावर आला. खोली वाट बघू लागली. आठ बत्तीस. पस्तीस. चाळीस. मशीन चालू होतं, नेटवर्क चालू होतं, दादाचं सगळं जागच्या जागी होतं. फक्त एक अंगठा फोनवर नव्हता. पट्टीवर काही आलं नाही.

त्या फोनच्या काचेवर मात्र पाठवायच्या फाईली ओळीने दिसत होत्या. निवेदक बिचारे टापटिपीचे, फाईलना नीट नावं देत. 'बुधवार, आशीर्वाद.' 'गुरुवार, धीर धरा.' 'शुक्रवार, गुरूंचं ऐका.' मेलेल्या माणसाचं आठवडाभराचं वेळापत्रक तयार होतं.

औषधवाल्याने ते मोठ्याने वाचलं आणि दारातून बाजूला झाला. निवेदकांनी फोन उचलला. शाल तिथेच राहिली. बेचाळीस पायऱ्यांवर त्यांच्या चपला बराच वेळ वाजत होत्या.

वाचकहो, मी काही शिकलेली बाई नाही, आणि कुणाची श्रद्धा मोडायला निघालेली तर मुळीच नाही. माझा दिवा आजही रोज लागतो. पण माझा देव मला कधी घाबरवत नाही, आणि आजारी लेकराला दवाखान्यापासून अडवत नाही. यंत्र आपोआप काही करताना दिसलं, की हात जोडण्याआधी एवढं विचारा: हे आत कुठून आलं? कुणी पाठवलं? त्या माणसाचा हात बाजूला ठेवला तरी ते येतं का? हे तीन प्रश्न विचारल्याने खरा देव रागावत नाही. रागावतो तो दुसराच कुणीतरी.

माणसं एकेक करून, एकमेकांकडे न बघता, खाली उतरली. वहिनी तिथेच होती. मला वाटलं ती रडेल, किंवा मला बोलेल. खोटं असलं तरी पाच महिन्यांनी तिला नवऱ्याचा आवाज मिळाला होता, आणि तो मी काढून घेतला होता. तिने मांडीवरचा कागद उलगडला. घडी हाताने दाबून सपाट केली. सही केली.

मग ती उठली आणि दादाच्या खुर्चीत बसली. पाच महिन्यांत प्रथमच कुणीतरी बसलं. पट्टीवरचे निवेदकांचे तुकडे तिने एकेक करून पुसले, माझाही पुसला. शेवटी राहिली दादाने स्वतः केलेली खारूची फिल्म. तिच्या टोकाला दादाने एक रिकामी जागा सोडली होती, आणि तिच्यावर लिहिलं होतं: 'जिना, बेचाळीस पायऱ्या, न थांबता. एकच शॉट.' खारूला त्याने ते वचन दिलं होतं. तू बरी झालीस की कॅमेरा वरच्या पायरीवर लावीन आणि मधे एकदाही कापणार नाही.

वहिनीने खणातून कोरं कार्ड काढलं. त्याच्या चिकटपट्टीवर तारखेची जागा मोकळी ठेवून लिहिलं: जिना. खारू. मग कार्ड कॅमेऱ्यात घातलं, कॅमेरा मी भरून आणलेल्या दवाखान्याच्या पिशवीत कपड्यांच्या घडीत नीट बसवला, आणि मशीनचं बटण दाबलं. स्क्रीन काळा झाला.

"चल, खारूबाई," ती म्हणाली.

नऊ वाजायला चार मिनिटं होती. मी काही न बोलता पिशवीचा दुसरा बंद धरला, आणि आम्ही तिघी, एकेका पायरीवर थांबत, खाली उतरू लागलो.